न लांबणारी नाके

खोटे बोलताच नाक लांबणारा पिनोकिओ हा लाकडी बाहुला जगभरच्या मुलांच्या परिचयाचा आहे. कार्लो कोलोदी या इटालियन लेखकाने ही कथा १८८१ पासून एका बालसाप्ताहिकात क्रमशः लिहिली. १८८३ मध्ये ती पुस्तकरूप झाली. वॉल्ट डिस्ने यांचा तीवरील व्यंगपट १९४० च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद केल्यामुळे प्रारंभी तो तोट्यात गेला; आज त्याची गणना अभिजात कलाकृतींत होते.

'खोटे बोलू नये' एवढेच या चित्रपटाचे तात्पर्य आहे, असे मानणे मात्र वरवरचे ठरेल. नाक लांबण्याचा प्रसंग त्यात एकदाच येतो. शाळा चुकवून खेळवाल्याच्या पिंजऱ्यात सापडलेला पिनोकिओ निळ्या परीला हिरव्या डोळ्यांच्या राक्षसांची कहाणी सांगतो आणि नाकाला फांद्या, पाने, अखेर पक्ष्याचे घरटेही फुटते. राक्षस कल्पिणे हा त्याचा अपराध नव्हे; स्वतःची चूक झाकण्यासाठी ते राक्षस पुढे केले, हा अपराध. बाहुल्यात मुलगा पाहणारा म्हातारा जेपेट्टोही कल्पनाच करतो. पण तिच्याआड तो काही लपवीत नाही. असत्य आणि कल्पना यांतील सीमारेषा ती हीच.

याहून बोचरी गोष्ट वेगळीच आहे. शाळेच्या वाटेवरून या मुलाला भुलवून नेणाऱ्या कोल्ह्याचे नाव 'प्रामाणिक जॉन'! तो त्याला विकतो. गाडीवान मौजेचे आमिष दाखवून मुलांची गाढवे होऊ देतो व तीही विकतो. या प्रौढांची नाके तसूभरही लांबत नाहीत आणि चित्रपट संपेपर्यंत त्यांना शासनही होत नाही.

घरात आणि शाळेत याहून निराळे काय घडते? 'साहेब घरी नाहीत, असे सांग' ही आज्ञा मुलालाच होते आणि पुढे खोटे बोलल्याबद्दल छडीही त्यालाच बसते. छडीच्या भयाने मूल सत्य शिकत नाही. अधिक सफाईने खोटे बोलण्यास मात्र शिकते. परी पिनोकिओला समज देते, सुधारण्याची संधी देते आणि पिंजरा उघडते. पुढे पित्याला वाचविण्यासाठी तो प्राण पणाला लावतो, तेव्हाच तो खरा मुलगा होतो.

मुलाने रचलेल्या गोष्टीचा गुरुजनांनी अवश्य शोध घ्यावा. परंतु त्याच्या नाकाचे माप घेण्यापूर्वी एकदा आरशात पाहावे.