दूध डेअरीला, भाकरी घराला

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर मंगळवेढ्याकडच्या एका गावी झाले. चौथ्या दिवशी पर्यावरणावर बोलायला पुण्याहून पाहुणे यायचे होते आणि स्वयंपाकाची पाळी आमच्या गटाची होती. (पाळी कागदावर मुलामुलींची मिळून असते. मुले दोन घागरी पाणी आणून ठेवतात आणि क्रिकेट खेळायला जातात. असो.) बेत ठरलेला होता: कढी, भात, वर तुपाची धार आणि गोडाला दुधातला शिरा. दुपारी आमचे कार्यक्रमाधिकारी सर लगबगीने आले. पाहुण्यांचा फोन आला होता. ते म्हणे ‘व्हीगन’ आहेत. मांस, अंडी तर नाहीच. पण दूध, दही, ताक, तूप, मधसुद्धा नाही. जनावराकडून आलेले काहीही त्यांना चालत नाही.

“आता यांना वाढायचं काय? तालुक्याला कुणाला तरी पाठवून फळं आणू या का?” सरांचा चेहरा अगदी उतरला होता.

मी म्हणाले, “सर, आमच्या घरी वाढतात ते वाढू.”

सरांना ती थट्टा वाटली. पण खरोखरच त्यात अवघड काय होते? कोठीत ज्वारीचे पीठ होते, हरभऱ्याची डाळ होती, शेंगदाणे, गूळ, लसूण, मिरच्या होत्या. शाळेमागच्या रानात हरभरा फुलावर येण्याच्या बेतात होता. ज्यांचे रान होते त्या मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, “खुडा की गं, शेंडं खुडल्यालं बरंच असतंय, फुटवा येतोय.” दोन ओट्या भरून पाला आणला. हरभऱ्याच्या पानावर आंब असते. पाला खुडताना बोटे चिकट होतात आणि चाटली तर आंबट लागतात. त्यामुळे या भाजीला दही लागत नाही आणि चिंचही लागत नाही; आंबटपणा रानातच घातलेला असतो. मूठभर डाळ आणि शेंगदाण्याचे कूट लावून ती शिजवली आणि वर लसणीची चरचरीत फोडणी दिली. उरलेले शेंगदाणे भाजून, मिरची-जिऱ्याबरोबर वाटून त्यांची आमटी केली. गोडाचा प्रश्न होता. गरम भाकरी कुस्करली, तिच्यात गूळ आणि कूट घालून हाताने मळली आणि लाडू वळले. शेंगदाण्याला मळता मळता तेल सुटते, तेव्हा तुपाची आठवण येत नाही.

भाकरी मात्र दोन मोडल्या. पीठ जुने होते आणि त्याची विरी गेली होती. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, म्हणून आधणाचे पाणी घालून मळावे लागते. हे मला आईने शिकवले. तिला कोणी शिकवले, हे तिला आठवत नाही.

पाहुणे पोटभर जेवले. माणूस अतिशय सभ्य. प्रत्येक पदार्थाचे नाव विचारून घेतले, वहीत लिहिले, आपले ताट आपण घासले. आणि निघताना कौतुकाने म्हणाले, “तुम्ही लोक तर मुळातच व्हीगन आहात!”

सगळे हसले, मीही हसले. पण रात्री सतरंजीवर पडल्यावर ते वाक्य काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. त्याचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही, म्हणून हा लेखाचा प्रपंच.

‘व्हीगन’ हा शब्द जुना नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो तयार केला. ही माणसे शाकाहारीच होती. पण दुधासाठी गाईला जे भोगावे लागते तेही त्यांना पटेना, म्हणून त्यांनी वेगळी संस्था काढली. विचार मोठा आहे आणि त्याची चेष्टा करावी असे मला वाटत नाही. आपल्याकडे गांधीजींनीही १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर असताना दूध सोडले होते. पुढे जिवावरच्या आजारात त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि आपण व्रताचे अक्षर पाळले, आत्मा नाही, ही टोचणी आत्मचरित्रात लिहून ठेवली. सोडलेली वस्तू परत घेताना एवढी तळमळ व्हावी, म्हणजे ती सोडण्याला काही अर्थ होता.

आता आमचे घर पाहा. आमच्या दारात एक म्हैस आणि एक संकरित गाय आहे. दावणीला दोन दुभती जनावरे आणि घरातल्या चहाला दुधाचा नुसता रंग! सकाळ-संध्याकाळ कॅन भरून संकलन केंद्रावर जातो. फॅट लागते, चिठ्ठी मिळते आणि दहा दिवसांनी ‘दुधाचा पगार’ होतो. त्यातून पेंडीचे पैसे वळते झाले की जे उरते त्यात माझा एस.टी.चा पास, परीक्षेचा फॉर्म आणि ही वही-पुस्तके बसतात. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. मी कॉलेजात जाते ती त्या कॅनमधून, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. लहान असताना धाकट्या भावाने दुधासाठी हट्ट केला की आई म्हणायची, “दूध काय घरच्यांनी प्यायचं असतंय व्हय? त्ये इकायचं असतंय.”

आणि आम्ही काही अहिंसेचे व्रत घेतलेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. बाजाराच्या दिवशी सुके बोंबील येतात, जत्रेला मटण होते. मधले दिवस आपोआप ‘व्हीगन’ जातात, एवढेच.

शिबिराहून परतल्यावर आईला पाहुण्यांची सगळी हकीकत सांगितली. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. म्हणाली, “त्यांनी सोडलं म्हंत्यात. आपल्याला धरायला कवा गावलं?”

आजीची गोष्ट याच्याही पलीकडची. १९७२ च्या दुष्काळात ती नऊ-दहा वर्षांची होती. आईबाप खडी फोडायच्या कामावर आणि घरात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिच्या कण्या पाण्यात शिजवून मीठ-मिरचीशी खायच्या. आज आमच्या भागातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि आपल्या कॉलेजातही त्याचे भित्तिपत्रक लागले होते. आजीला कण्यांचे कौतुक सांगितले, तर तिने तोंड फिरवले. तिला भातच आवडतो, आणि त्यावर दही. मला तिचे चूक वाटत नाही.

पण म्हणून या स्वयंपाकाची लाज धरायची का? माझे दुसरे भांडण आपल्याच मित्रमैत्रिणींशी आहे. पहिल्या वर्षी मुलींच्या खोलीत मी डबा झाकण अर्धे लावून खात असे. भाकरी आणि शेंगाची चटणी! शेजारी पनीर नाही तर सँडविच उघडले की माझा घास घशात अडकायचा. आता वाटते, झाकण लावण्याजोगे त्यात होते तरी काय? ग्रंथालयात कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आहे. १९७० सालचे पुस्तक, वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेले, म्हणून घराघरात गेले. माझ्या आईला वाटीही लागत नाही. तिचे माप म्हणजे मूठ, चिमूट आणि घरात काय उरले आहे याचा अंदाज. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ही जरूर वाचा. दलितांच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यांनी लिहून ठेवले नसते, तर आपल्या वर्गात त्याचा उच्चारही झाला नसता.

आईचा स्वयंपाक मी दोन वर्षे लक्ष देऊन पाहते आहे. त्याला व्याकरण आहे. एक धान्य, एक डाळ किंवा कडधान्य, मिळाला तर पाला, थोडे तेलबी आणि काहीतरी आंबट. एक नसले की दुसरे त्याच्या जागी बसते. भाजी नाही? डाळीच्या पिठाचे पिठले. त्याच पिठाच्या वड्या उकळत्या आमटीत सोडल्या की डुबुकवड्या. डाळीचे पीठ संपले? हुलग्याच्या पिठाची शेंगोळी. वेळच नाही? येसराचा डबा आहेच. भाजून दळून ठेवलेले धान्य, डाळ आणि मसाला पाण्यात कालवले, उकळी आणली की आमटी तयार. ऐनवेळी पाहुणा आला की तीच आमटी पातळ होते आणि तिखट वाढते. पालाही विकतचा नसतो. पावसाळ्यात तांदुळजा, थंडीत करडई, बांधावर पाथरी. भाकरीशी डाळ का, हे आईला सांगता येणार नाही. पण धान्यात जे कमी असते ते डाळीतून भरून निघते, असे आमच्या बाईंनी प्रथिनांविषयी सांगितले, तेव्हा मला आमचीच थाळी दिसली.

खोली करून राहणाऱ्यांना तर माझे हात जोडून सांगणे आहे. बिस्किटे आणि चहावर रात्र काढू नका. भिजवलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे, लसूण, लिंबू आणि डाळीचे पीठ एवढे खोलीत असले, तर एका गॅसवर अर्ध्या तासात जेवण होते. मुलांनो, तुमच्याही हाताला बोटे आहेत.

एक गोष्ट मात्र दडवून चालणार नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. पाहुण्यांनी स्वतःच सांगितले की ते त्याची गोळी घेतात. तीळ आणि पालेभाजीतून चुना मिळतो, लिंबू पिळल्याने लोह अंगी लागते, हे सर्व खरे. पण ज्याने समजून दूध सोडले त्याला गोळी ठाऊक असते. जिचे दूध कॅनमध्ये गेले तिला कोण सांगणार? गेल्या वर्षी आरोग्य शिबिरात आईचे रक्त कमी भरले. तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि ‘दूध घेत जा’ असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्यांना आमच्या दारातल्या दोन जनावरांची माहिती नव्हती.

पाहुण्यांचे वाक्य म्हणून मला सलते. आमच्या आईच्या हाताला त्यांनी दाद दिली ती योग्यच होती. तिच्या नसण्याला त्यांनी नाव दिले ते नको होते. रोज एक पेला दूध समोर असेल आणि आई ‘नको’ म्हणेल, तेव्हा तिला व्हीगन म्हणा.

सध्या मी एवढेच करते. कॅनचे झाकण लागण्याआधी एक पेला काढून फळीवर ठेवते. पहिले दोन दिवस तो धाकट्याने प्यायला. तिसऱ्या दिवशी आईने त्याला विरजण लावले आणि झालेले ताक आजीच्या भातावर वाढले. काल पेला रिकामाच फळीवर पालथा होता आणि डेअरीच्या चिठ्ठीवर दूध थोडे जास्त भरले होते. विचारले, तर म्हणाली, “फॉर्म भरायची तारीख जवळ आली न्हवं तुझी?” भांडण चालू आहे.