गाडी उंच कशाला हवी?

मध्यमवर्गीय माणसाने मोठी गाडी घेतली की दोन माणसं बोलायला लागतात. पहिला टीकाकार. "तुला काय डोंगरावर नांगर धरायचाय? कोथरूडहून औंधला जायला एसयूव्ही?" दुसरा खुद्द मालक. बॉनेटवरचा हार अजून सुकलेला नसतो, तोवर तो सांगत सुटतो, "रणगाडा आहे रणगाडा! ट्रकने ठोकलं तरी काही होत नाही." हे दोघं एकमेकांना मूर्ख समजतात. मला दोघांशीही भांडायचं आहे, कारण गाडी उंच कशासाठी असते याचा विचार दोघांनीही केलेला नाही.

आधी टीकाकाराला घेऊ. त्याचं म्हणणं तसं बिनबुडाचं नाही. ही गाडी हॅचबॅकपेक्षा जड, वाऱ्याला जास्त अडवणारी, त्यामुळे पेट्रोल जास्त पिणारी. पार्किंगला जागा जास्त लागते. इंजिन पुढचीच दोन चाकं फिरवतं, म्हणजे 'ऑफ-रोड'चा बडेजाव जाहिरातीपुरता. तेव्हा ही नुसती हौस, शेजाऱ्याला दाखवायची उंची, असा त्याचा निष्कर्ष. पण 2012च्या जुलैत रेनोच्या डस्टरने मध्यम एसयूव्हीचा हा वर्ग आपल्याकडे रुळवला, 2015च्या जुलैत ह्युंदाईची क्रेटा आली, आणि 2024च्या सुरुवातीला एकट्या क्रेटाने देशात दहा लाखांच्या विक्रीचा आकडा ओलांडला. पगारातून हप्ते कापून घेणाऱ्या इतक्या घरांना केवळ मिरवायचं होतं, असं म्हणणं सोपं आहे. त्यातल्या एखाद्या घरासोबत लग्नाला जाऊन बघावं.

सोबत सत्तरीची आजी असते. दोन्ही गुडघे गेलेले. सेडानमध्ये बसताना ती आधी दाराला धरते, मग मान वाकवते, मग शेवटचा वीतभर प्रवास तिच्या हातात राहत नाही, ती सीटवर पडते. उतरताना याहून वाईट. एकाने समोरून दोन्ही हात धरायचे, दुसऱ्याने मागून पाठीला आधार द्यायचा, आणि तिने "अरे हळू, हळू" म्हणायचं. मंगल कार्यालयाच्या दारात, चार लोकांदेखत. मध्यम एसयूव्हीची सीट साधारण कंबरेच्या उंचीला असते. आजी पाठमोरी उभी राहते, ओटीच्या कडेला टेकावं तशी टेकते, मग एकेक पाय आत घेते. कुणाला हाक मारावी लागत नाही. आता याहून मोठी, शिडीसारख्या चासीवर बांधलेली गाडी घ्या. तिथे फूटबोर्डवर पाय ठेवून चढावं लागतं, आणि आजी पुन्हा अडली. म्हणजे या वर्गाचा 'मध्यम'पणा ही किमतीशी केलेली तडजोड नव्हे. माणसाच्या कंबरेला जुळणारी उंची एवढ्याच पट्ट्यात सापडते.

दुसरी उंची गाडीच्या पोटाखालची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितला आहे, म्हणजे चाक हळूच चढून हळूच उतरावं असा. आपल्या गल्लीत डांबर उरलं की रात्रीत उभा राहतो तो गतिरोधक कुणी मोजलेला नसतो. मध्यम एसयूव्हीच्याच किमतीच्या सेडानचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटरच्या आसपास, क्रेटाचा 190, पहिल्या डस्टरचा 205. शिवाय हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे. पाच माणसं, गणपतीला निघालेल्या घराचं सामान आणि डिकीतली तांदळाची गोणी चढली की स्प्रिंग दबतात आणि यातले काही सेंटिमीटर गायब होतात. मग सेडानचा मालक प्रत्येक गतिरोधकावर दोघांना खाली उतरवतो किंवा गाडी तिरकी घालतो, आणि तरीही खालून 'खर्रर्र' ऐकू येतंच. मुंबई-गोवा महामार्ग सोडून गावाच्या वाटेला लागलं, दोन्ही बाजूंनी जांभ्याचा गडगा आणि मधे पावसाने धुऊन उंच राहिलेला मातीचा पट्टा, की टीकाकाराचं 'तुला गरज काय' तिथेच संपतं.

यातली एक गंमत सांगायलाच हवी. जीएसटीवरचा जुना उपकर ठरवताना सरकारने मोठ्या एसयूव्हीची जी व्याख्या केली, तिच्यात चार मीटरपेक्षा जास्त लांबी आणि 1500 सीसीहून मोठं इंजिन यांच्या जोडीला 170 मिलिमीटर किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स ही अट होती. पोटाखालच्या मोकळ्या जागेवर कर, आणि ती जागा लागावीच लागेल अशी व्यवस्था रस्त्यावर! मध्यम गाड्या दीड लिटरच्या इंजिनामुळे त्या वरच्या दरातून सुटल्या. सप्टेंबर 2025मध्ये उपकर गेला आणि चार मीटरवरच्या सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या सरसकट 40 टक्क्यांत आल्या. रस्ते आहेत तिथेच आहेत.

सेडानप्रेमी म्हणतात, वळणावर आमची गाडी जमिनीला धरून चालते. खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. उंच गाडी वळणावर झुकते. वरंध घाटात मागच्या सीटवरचं पोर तिसऱ्या-चौथ्या वळणाला पांढरं पडतं आणि आई पिशवी शोधायला लागते, हा अनुभव मालकांच्या गटात कुणी कधी सांगत नाही. पण घाटातला एक तास आणि रोजचं चढणं-उतरणं यांच्यात निवड करायची तर मी रोजचं निवडेन. घाटात वेग कमी करता येतो. आजीचे गुडघे बदलता येत नाहीत, निदान तितक्या सहज नाहीत.

इथवर मालक खूश झाले असतील. आता त्यांची पाळी.

'रणगाडा' हा शब्द आधी मोडीत काढायला हवा. गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने 2022च्या एप्रिलमध्ये त्या वेळच्या क्रेटाला प्रौढांच्या सुरक्षेसाठी तीन तारे दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगून यांना पाच मिळाले. आकार जवळपास तोच, किंमतही त्याच पट्ट्यातली. उंचीने आणि रुंदीने जीव वाचत असता तर हा फरक पडलाच नसता. जीव वाचतो तो सांगाड्याच्या बांधणीने, एअरबॅगने आणि सीटच्या पट्ट्याने. दार लावताना 'धप्प' असा भारदस्त आवाज आला म्हणून मान डोलावणारे मालक मी पाहिले आहेत. तो आवाज दाराच्या रबराचा आणि कुलपाचा असतो, अपघाताशी त्याचा काही संबंध नाही. 2022च्या सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातातली गाडीही एसयूव्हीच होती, आपल्या ऐपतीबाहेरची. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, दोघंही गेले. पुढचे दोघं वाचले. तरी आजही मागच्या सीटवरचे पट्टे गादीच्या फटीत खोचलेले सापडतात, कारण 'बसताना टोचतात'. आणि सनरूफ! लाखभर जादा मोजून घेतलेल्या त्या भोकातून पोराला कंबरेपर्यंत बाहेर काढून एक्स्प्रेसवेवर रील करणाऱ्या बापाने सुरक्षेवर एक अक्षर बोलू नये.

ॲव्हरेजचं तर विचारूच नका. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतला. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे, तिच्या नावाने तो ओळखला जातो. गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद, ठरलेल्या चक्राप्रमाणे वेग कमी-जास्त करतात, कमाल ताशी 90. गाड्यांची आपापसांत तुलना करायला ही पद्धत ठीक आहे, घरखर्च मांडायला नाही. मालक मात्र दुसरं टोक गाठतो. एकदा रात्री, रिकाम्या रस्त्यावर, ताशी ऐंशीने जाताना पडद्यावर दिसलेला आकडा तो जन्मभर सांगतो. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर तेवढ्या लिटरने भागून आलेला आकडा त्याला विचारा. लगेच विषय बदलतो.

सात सीटबद्दल एका वाक्यात सांगतो: तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला कोल्हापूरपर्यंत बसवून न्या आणि मग पुढचं बोला.

डिझेलवर मात्र जरा थांबायला हवं, कारण तिथे लोक खरोखर फसतात. 'डिझेल स्वस्त, ताकद जास्त' हा हिशेब 2020च्या आधीचा. एप्रिल 2020पासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं आणि डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत डीपीएफ नावाची गाळणी बसली. ती काजळी अडवते आणि एक्झॉस्ट पुरेसा तापला की ती काजळी जाळून टाकते. तापण्यासाठी गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगाने पळायला लागते. घर ते ऑफिस सहा किलोमीटर, त्यात सात सिग्नल, असा ज्याचा दिनक्रम आहे त्याची गाळणी तापतच नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, मालक सर्व्हिस सेंटरला फोन करतो, तिकडून सल्ला मिळतो, "सर, हायवेला एक चक्कर मारून या." रविवारी सकाळी केवळ गाळणी जाळायला खंबाटकीपर्यंत जाऊन येणारे लोक आहेत. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटर लांबचं फिरणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने त्यावर दीड लाख जादा का मोजावे, हे मला कुणी पटवून द्यावं.

आणखी एक फुशारकी पाण्याची. गाडी उंच आहे म्हणून तुंबलेल्या रस्त्यात घालायची. इंजिन हवा जिथून ओढतं ते तोंड बॉनेटच्या आत असतं, आणि पुढच्या बसने उडवलेली लाट तिथवर पोचते. पाणी आत गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बंद पडल्यावर घाबरून पुन्हा स्टार्टर मारला की उरलंसुरलं काम होतं, आणि साधा विमा हे नुकसान बहुधा नाकारतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम घ्यावं लागतं. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने सनरूफऐवजी ते आधी घ्यावं.

राहिला मालकांच्या तोंडचा 'परवडणारी' हा शब्द. शोरूमची किंमत 13 लाख धरा. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रस्ता कर, म्हणजे 1 लाख 56 हजार तिथेच गेले. डिझेलला 14 टक्के. वर विमा, त्यात 2018पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा. गाडी रस्त्यावर येईपर्यंत पंधरा लाख ओलांडतात. त्यातले 12 लाख 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर हप्ता महिना 19,300 रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज सव्वाचार लाखांच्या घरात. हे सगळं पेलणारी माणसं आहेत, त्यांनी खुशाल घ्यावी. पण "हप्ता फक्त एवढाच पडतो" म्हणून सात वर्षांवर सही करणाऱ्याने, ती सात वर्षं संपेपर्यंत बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच आणि टायरचा किमान एक संच बदलून झालेला असेल, हेही धरावं.

म्हणून मालकांचा अनुभव ऐकावा, पण कुणाचा ते बघून. पंधरा दिवसांच्या मालकाला गाडीत दोष दिसत नाही. आपला तो बाब्या. चौथ्या वर्षातल्या मालकाकडे जावं. वॉरंटी संपत आलेली असते, दाराच्या प्लॅस्टिकची करकर सुरू झालेली असते आणि टचस्क्रीनचं कौतुक ओसरलेलं असतं. सर्व्हिसच्या बिलात 'थ्रॉटल बॉडी क्लीनिंग', 'अंडरबॉडी कोटिंग' अशा मॅन्युअलमध्ये नसलेल्या ओळी कशा घुसतात आणि त्या पेन मारून कशा काढायच्या, हे तो सांगेल. अलॉयबद्दलही त्यालाच विचारा. वरच्या व्हेरियंटची 18 इंची चाकं फोटोत देखणी दिसतात. पण 205/65 आर16 टायरची भिंत 133 मिलिमीटर असते आणि 215/55 आर18ची 118. हा दीड सेंटिमीटर रबर खड्ड्यात आपल्या बाजूने असतो. तो गेला की धक्का कंबरेला बसतो आणि टायरच्या कडेला फुगा येतो.

माझा कौल मधल्या व्हेरियंटला. 16 इंची चाकं, सहा एअरबॅग, मागे लहानग्याच्या सीटसाठी आयसोफिक्स आणि पेट्रोल इंजिन. एअरबॅग मधल्या व्हेरियंटमध्ये मिळत नसतील तर त्या मिळतात ती कंपनी शोधावी, वरच्या व्हेरियंटच्या मागे धावू नये. टेस्ट ड्राइव्ह एकट्याने, रिकाम्या गाडीत, बाजूला सेल्समन बसवून घेण्यात काही हशील नाही. घरची पाचही माणसं न्यावीत, आई-वडिलांना मागे बसवावं आणि सेल्समनने ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्याऐवजी आपल्या सोसायटीच्या रॅम्पवरून गाडी काढायला सांगावी. तो कुरकुर करेल, मॅनेजरला फोन लावेल. लावू दे. गाडी रॅम्पवर घासली आणि आईला उतरताना हात द्यावा लागला, तर त्या गाडीला एसयूव्ही म्हणायचं की आणखी काही, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पुढच्या शोरूमला जावं.