घरपट्टी वाढणार, पण विचारणार कुणाला?



ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. ती आली की गावात दोन सूर निघतात. एक म्हणतो, एक पैसा वाढवू देणार नाही. दुसरा म्हणतो, मग शाळेचे, पाण्याचे, दिवाबत्तीचे भागवायचे कशातून? पारावरचे हे दोन्ही सूर पुरुषांचे. पट्टीचे पैसे मात्र पुष्कळ घरांत दुधाच्या पगारातून नाही तर खुरपणीच्या मजुरीतून जातात. इंदापूर तालुक्यात बायकांच्या बैठका घेताना हे मी वारंवार पाहते. पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाची, आणि पैसे हिच्या गाठीचे.

यंदा आपण हा विषय शाळेच्या बाजूने बघू. गावची जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे गरिबाच्या मुलीची एकमेव शाळा. मुलाला गाडीने इंग्रजी शाळेत धाडणारे घर मुलीला पायी जाता येईल तिथेच घालते. या शाळेला वरखर्चासाठी समग्र शिक्षा योजनेतून मिळणारे अनुदान पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार रुपये, शंभरपर्यंत असेल तर २५ हजार. वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छता, सगळे यातच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह त्यानेच सक्तीचे केले. पण ते बांधले की काम संपत नाही. त्यात पाणी कोण भरणार, साफ कोण करणार, कडी तुटली तर कोण बसवणार? पाळी आली की मुलगी चार दिवस घरी बसते. तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

म्हणून मी म्हणते, शाळेसाठी पट्टी वाढत असेल तर नुसते नाही म्हणू नका. पण नुसते हो तर मुळीच म्हणू नका.

शाळेच्या नावाने कर घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजांनी १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकलफंड बसवला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमका हाच हिशेब मागितला. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, तो खेड्यातल्या प्राथमिक शाळांना द्या, असे त्यांचे म्हणणे होते. कर कुणाकडून आणि खर्च कुणावर, हा प्रश्न आज आपण विचारायचा आहे.

याची दुसरी बाजूही बघू. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च घरांवरच्या करातून चालतो, आणि पुष्कळ ठिकाणी करवाढीसाठी शाळेच्या विभागातले मतदार थेट मतदान करतात. ऐकायला छान वाटते. पण टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात एजवूड या गरीब वस्तीतले लोक शेजारच्या श्रीमंत वस्तीपेक्षा चढ्या दराने कर भरत होते, तरी त्यांच्या मुलांच्या वाट्याला कमी पैसा येत होता, कारण त्यांची घरेच स्वस्त होती. पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. धडा सरळ आहे. शिक्षकाचा पगार, वर्गखोली, पुस्तके हे सरकारचे देणे, ते गावाच्या घरपट्टीवर ढकलू द्यायचे नाही. २०२३ मध्ये सरकारने कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा काढायचे ठरवले, तेव्हा वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात होत्या. गावाने पट्टी वाढवली म्हणून सरकारने हात झटकावेत, हे चालणार नाही.

गावाच्या वाट्याचे देतानाही, आधी कुणावर हे बघू. २०१५ पासून घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर धरतात. म्हणजे स्लॅबच्या बंगल्याला जास्त आणि पत्र्याच्या खोलीला कमी. तसे खरोखर धरले आहे का, ते नोंदवही मागून बघा. दुसरे, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रेवरचाही आहे. नीरा-भीमेच्या संगमावरच्या नरसिंहपूरला वैशाखात नृसिंह जयंतीला किती माणूस लोटते ते आपण जाणतो. तीर्थक्षेत्राच्या विकासासाठी सरकारने कोट्यवधींचा आराखडा मंजूर केला. घाट बांधले जावेत, जरूर. पण यात्रेच्या गावातल्या शाळेतल्या मुलीला पाणी मिळावे, यासाठी फक्त विधवेच्या खोलीचीच पट्टी का वाढावी?

आता मुळावर घाव. २००३ मध्ये सरकारने 'घर दोघांचे' म्हणून आदेश काढला की ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नवरा-बायको दोघांची नावे लावा. किती घरांत लागली? दुसरीकडे, घरपट्टी थकली तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. आणि एकत्र कुटुंबात एकाने पट्टी थकवली तरी अपात्र सगळे ठरतात, अशी कायद्यात तरतूद आहे. म्हणजे घर हिच्या नावावर नाही, पण थकबाकी हिच्या माथी. पन्नास टक्के आरक्षणाची जागा समोर असते, आणि सासऱ्याने न भरलेल्या पट्टीपायी हिचा अर्ज बाद होतो.

तेव्हा काय करायचे? कर बसवायचा अधिकार ग्रामपंचायतीचा, पण त्याआधी हरकती मागवाव्या लागतात. हरकत एकटीने नको, दहाजणींनी मिळून लेखी द्या, आणि पोच घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. तिथे तीन ठराव मांडा. वाढीव पट्टीतले किती रुपये शाळेवर खर्च होणार ते आकड्यात लिहा. स्वच्छतागृहाचे पाणी आणि सफाई त्यात पहिली. वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचा, महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांसकट. आणि नव्या आकारणीच्या वहीत प्रत्येक घराला बाईचे नाव लावा.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथे बसणाऱ्या बाईने शाळेला काय हवे ते महिला सभेत सांगितले, तर पट्टीचा वाद पारावरून उठून आपल्या पंगतीत येईल.

आपण पट्टी भरत आलो आहोत आणि पुढेही भरू. या खेपेला पावतीवर आपले नाव हवे, आणि त्या पैशाचे काय केले हे विचारायला ग्रामसभेत आपण हव्यात.