फुगलेली पुंगळी आणि काटकसरीचा हिशेब

बाजारात मिळणारी वस्तू घरी केली की स्वस्त पडते, ही समजूत सर्वत्र आढळते आणि बहुतांशी ती खरीही असते. मात्र कारखान्याचे काम घरात आणताना माणूस कच्चा माल आणि फार तर मजुरी यांचाच हिशेब मांडतो. कारखान्यातील तपासनीस त्या हिशेबात क्वचितच धरला जातो. पापड-लोणच्यांच्या बाबतीत ही चूक पचून जाते, पिस्तुलाच्या काडतुसांच्या बाबतीत ती पचत नाही. अमेरिकेतील असंख्य हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या घरच्या टेबलावर पुन्हा भरतात. या उद्योगात वारंवार भेटणारा दोष म्हणजे फुगलेली पुंगळी. दोष दिसायला क्षुल्लक आहे. पण काटकसर आणि जबाबदारी यांचे नाते तो फार स्पष्टपणे दाखवून देतो.

भारतीय वाचकाला या उद्योगाचेच प्रथम नवल वाटेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार आपल्याकडे परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, आणि महाराष्ट्रात काडतुसांची निर्मिती म्हटली की खडकीचा १८६९ साली स्थापन झालेला सरकारी कारखानाच डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने विक्रीसाठी काडतुसे बनविणाऱ्यास केंद्रीय परवाना बंधनकारक केला. स्वतःच्या वापरासाठी भरणाऱ्यास मात्र तो लागत नाही. या मोकळिकीवर तेथे एक स्वतंत्र यंत्रव्यवसाय उभा राहिला. कॅलिफोर्नियातील आरसीबीएस ही कंपनी १९४३ साली सुरू झाली, तर विस्कॉन्सिनमधील रिचर्ड ली यांनी १९५८ पासून सामान्य माणसाला परवडतील अशी भरणीची साधने बनविली. २०२० आणि २०२१ या वर्षांत तेथील दुकानांत काडतुसांचा तुटवडा पडला, तेव्हा या घरगुती भरणीचे महत्त्व पुन्हा एकदा अनेकांच्या ध्यानात आले.

या काटकसरीचे मूळ पुंगळीत आहे. काडतुसाचे घटक चार : पुंगळी, प्राइमर, दारू आणि गोळी. त्यांपैकी तीन एकदा वापरले की संपतात. पुंगळी तेवढी मागे उरते, आणि सामान्यतः तीच सर्वांत महाग असते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर बाकीचे तीन घटक हा खेळता खर्च आहे आणि पुंगळी हे भांडवल. भांडवल झिजते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांच्या या पितळाचा गुण असा, की बार उडताच ते प्रसरण पावून चेंबरच्या भिंतींना चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरला की किंचित आकसून सुटे होते. प्रत्येक झाडलेली पुंगळी म्हणूनच थोडी मोठी झालेली असते. तिला डायमध्ये दाबून पूर्वीच्या मापावर आणावे लागते. दर खेपेस ताणले आणि दाबले गेल्याने पितळ कडक होत जाते. शेवटी ते वाकण्याऐवजी चिरते.

फुगवटा कोठे, यावरून निदान

पुंगळी फुगली एवढ्याने काही कळत नाही. ती कोठे फुगली, हा खरा प्रश्न आहे. फुगवटा बुडाजवळ, जाड तळाच्या लगेच वर आणि एकाच बाजूला असेल, तर तो बार उडताना आलेला असतो. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात काडतूस वर सरकावे म्हणून चेंबरच्या खालच्या कडेला उतार दिलेला असतो. काही पिस्तुलांत हा उतार इतका खोल असतो, की तेथे पुंगळीच्या भिंतीला पोलादाचा आधार मिळत नाही. १९९० साली आलेल्या ·४० स्मिथ अँड वेसन या काडतुसाच्या पुंगळ्यांत हा प्रकार विशेष गाजला. दाब प्रमाणाबाहेर गेला की हाच फुगवटा वाढतो, आणि दाब वाढण्यास दारू जादा पडणे हे एकच कारण पुरेसे असते असे नाही. नऊ मिलिमीटरसारख्या लहान पुंगळीत गोळी थोडी अधिक खोल बसली तरी आतील पोकळी कमी होऊन दाब झपाट्याने चढतो.

याउलट, फुगवटा वरच्या भागात, गोळी बसते तेथे असेल तर तो टेबलावरच निर्माण झालेला असतो. पुंगळीचे तोंड पुरेसे रुंदावलेले नसेल तर गोळी तिरकी शिरते आणि एका बाजूची भिंत बाहेर ढकलते. शिशाची ओतीव गोळी मापापेक्षा जाड असेल तर भिंत सर्व बाजूंनी फुगते. गोळी बसविणे आणि तोंड आवळणे ही दोन्ही कामे एकाच डायमध्ये एकाच झटक्यात उरकली, तर गोळी अजून खाली सरकत असतानाच तोंड तिला पकडते आणि खालची भिंत दुमडते. ही दोन कामे स्वतंत्र डायांत केली की हा दोष बहुधा नाहीसा होतो. आवळण्याचा अतिरेकही टाळावा लागतो. या जातीचे काडतूस चेंबरमध्ये आपल्या तोंडाच्या कडेवर टेकून थांबते. ती कडच आत वळविली तर त्याला टेकायला आधार उरत नाही.

प्रत्येक फुगवटा हा दोष मात्र नव्हे. डायने पुंगळी आवळल्यानंतर गोळी जेथपर्यंत उतरते तेथपर्यंत सर्व बाजूंनी सारखी, हलकी रेषा दिसणे स्वाभाविक आहे. तेव्हा निवाडा डोळ्यांवर न सोपविता मापावर सोपवावा. त्यासाठी गेज मिळते. तेही नसेल तर पिस्तूल पूर्ण रिकामे करून सुटी केलेली नळी हेच उत्तम माप होय. भरलेले काडतूस तिच्यात स्वतःच्या वजनाने उतरले पाहिजे आणि नळी उलटी करताच बाहेर पडले पाहिजे. न उतरणाऱ्या काडतुसाला शाईचा हात देऊन ते पुन्हा नळीत घातले, की शाई जेथे पुसली जाते तेथे ते अडते, हे उघड होते.

दोष पुसणे म्हणजे दोष काढणे नव्हे

मतभेदाचा मुद्दा येथून पुढे सुरू होतो. नेहमीची डाय पुंगळीच्या बुडाशी अगदी शेवटपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तेथील फुगवटा तसाच राहतो. तो सपाट करण्यासाठी पुंगळी डायमधून आरपार ढकलण्याची साधने बाजारात आहेत. ती वापरणारे सांगतात, की अशा पुंगळ्या निर्वेधपणे चालतात आणि त्या फेकून देणे ही निव्वळ उधळपट्टी होय. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. किंचित वाढलेले बूड मापावर आणणे गैर नव्हे. परंतु उघड, एकांगी पोट आलेल्या पुंगळीचे रूप तेवढे बदलते. तिचे पितळ तेथे ताणले गेले होते, ही वस्तुस्थिती बदलत नाही. उलट एरवी गेजने अडविली असती अशी पुंगळी आता निर्दोष असल्याच्या आविर्भावात पुढे जाते. पुढच्या बाराला तीच भिंत पुन्हा त्याच निराधार जागी आली आणि फाटली, तर तप्त वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या हाताकडे आणि डोळ्यांकडे येतात. शेजारी उभा असलेला तर या काटकसरीत भागीदारही नसतो. लाभ एकाचा आणि जोखीम अनेकांची, असा हा व्यवहार आहे.

माणसाला एवढी साधी गोष्ट का उमगत नाही? कारण पुंगळी त्याने पैसे वाचविण्यासाठीच जपून ठेवलेली असते. ती फेकणे म्हणजे झालेली बचत गमावणे, असे त्याला वाटते. वस्तुतः तिची किंमत पहिल्याच खेपेस वसूल झालेली असते. आता तुलना करावयाची ती जुन्या पुंगळीचे काही सेंट आणि पिस्तूल, बोटे, डोळे यांच्यात. अशी मांडणी केली की निर्णयास क्षणही लागू नये.

कारखान्यात हा निर्णय कामगाराच्या मर्जीवर सोडलेला नसतो. अमेरिकन सरकारच्या सूचनेवरून १९२६ साली स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था मापे आणि दाब यांची प्रमाणे ठरविते. नऊ मिलिमीटर ल्यूगरसाठी तिने चौरस इंचाला ३५,००० पौंड ही मर्यादा घातली आहे. ही प्रमाणे ऐच्छिक असली तरी कारखान्यापाशी दाब मोजण्याची उपकरणे असतात, नमुन्यांची चाचणी असते आणि ग्राहकाने दावा लावण्याचे भयही असते. घरगुती टेबलापाशी यांतील काहीच नसते. तेथे फुगलेली पुंगळी हाच तपासनिसाचा शेरा. तो वाचावा, कारण शोधावे, डाय किंवा भरणी दुरुस्त करावी, आणि कारण सापडेपर्यंत पुढील भरणी थांबवावी. शेरा खोडून टाकू नये.

यावर कोणी म्हणेल, की मग ही उठाठेवच बंद करावी. तसे मानण्याचे कारण नाही. शिस्तीने केलेल्या पुनर्भरणातून खर्च खरोखरच वाचतो, आणि आपले साधन नीट ओळखणारा नेमबाज घडतो. आग्रह एवढाच, की या बचतीच्या खातेवहीत तपासणीचा वेळ, गेजची किंमत आणि बाद केलेल्या पुंगळ्या हा खर्च प्रामाणिकपणे लिहावा. तो वजा केल्यावर जी शिल्लक राहील तीच खरी बचत. तो न लिहिता दिसणारी शिल्लक ही बचत नव्हे. ते आपल्याच अंगावर काढलेले कर्ज आहे.