याला सुधारणा म्हणायचे?

जुना गेम एम्युलेटरवर लावला की पहिला सल्ला ठरलेला: फिल्टर चालू करा, चित्र सुधारेल. मीही कित्येक वर्षे तेच केले. आज हा सल्ला मला मान्य नाही.

'एचक्यूटूएक्स' फिल्टर काय करतो? प्रत्येक पिक्सेलचे आठ शेजारी पाहतो, रंग जुळतात का ते तपासतो आणि 256 शक्यतांच्या तयार तक्त्यातून उत्तर उचलतो. त्या तक्त्याला डोळा कोणता आणि शर्टाचे बटण कोणते, हे कसे कळणार? 1981च्या 'डाँकी काँग'मध्ये मियामोतोंनी मारिओला मिशी दिली, कारण एवढ्याशा जागेत तोंड रेखाटणे अवघड होते. केस टाळायला टोपी दिली. एकेक ठिपका असा विचार करून ठेवलेला! त्यावर फिल्टर फिरला की मिशी वितळल्यासारखी दिसते.

"मग ते ठोकळेच खरे का?" असे कोणी विचारेल. तेही नाहीत. ही चित्रे जाड काचेच्या जुन्या टीव्हीसाठी काढलेली होती. 1991च्या 'सॉनिक'मधला धबधबा म्हणजे नुसत्या उभ्या पट्ट्या. कंपोझिट केबलमधून येताना त्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. एलसीडीवर तोच धबधबा कंगव्यासारखा दिसतो. सुपर निन्टेन्डोचे 256 बाय 224 चे चित्र 4:3 पडद्यावर आडवे ताणले जाई, म्हणजे तिथला पिक्सेल समचौरसही नव्हता.

तेव्हा आधी 4:3 करा, आणि काही लावायचेच असेल तर सीआरटी शेडर लावा. पडदा जरा काळवंडेल. ब्राइटनेस वाढवावा लागतो.