रंग नव्हे, जनुक तपासा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,



फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर या ग्राहीसाठी दोन वेगळ्या चाचण्या होतात. एकीत गाठीचा तुकडा पॅराफिन मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून त्याच्या पातळ कापावर रंग चढवतात. पेशीची कड जितकी गडद तपकिरी, तितके ग्राही जास्त. दुसरीत ग्राहीच्या जनुकातला बदल शोधतात. रंगावरून रुग्णाचे भवितव्य सांगण्याचे प्रयत्न अनेक झाले, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. ग्राही भरपूर असले, तरी ते बाहेरच्या संदेशाशिवाय स्वस्थ असू शकतात. मात्र जनुकातल्या बदलाने ग्राहीच्या प्रथिनात ८५८व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन आले, की ग्राही संदेशाविनाच पेशीला वाढायला लावतो. गेफिटिनिबची गोळी लागू पडते ती अशा बदलावर, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून उपचार ठरवताना जनुकीय चाचणीच आधाराला घ्यायला हवी.

धूम्रपान न करणाऱ्यांना चाचणीविना गोळी देऊन पाहावी, असे काहींना वाटते. आशियातल्या ‘आयपास’ या गेफिटिनिब आणि केमोथेरपीची तुलना करणाऱ्या अभ्यासात असेच, कधीच धूम्रपान न केलेले किंवा अगदी थोडे केलेले, फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे, म्हणजे अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे रुग्ण निवडले होते. त्यांपैकी ४३७ जणांचे जनुक तपासता आले. बदल २६१ जणांत सापडला. बदल नसलेल्या ज्या ९१ जणांना गेफिटिनिब मिळाले, त्यांच्यात फक्त एकाची गाठ आटली. बदल नसलेल्यांचा आजार केमोथेरपीपेक्षा या गोळीवर लवकर बळावला. रुग्णाच्या सवयींवरून बांधलेला अंदाज इतका महागात पडतो.

चाचणीच्या खर्चाचा आक्षेप रास्त आहे. पण निरुपयोगी गोळीचाही खर्च होतोच, आणि गेलेले महिने परत मिळत नाहीत. टाटा स्मारक रुग्णालयाने बदल असलेल्या ३५० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ नुसत्या गेफिटिनिबने ८ महिने, तर सोबत केमोथेरपी दिल्यावर १६ महिने भरला. बदल आहे हे कळल्यावाचून हा लाभ देताच येत नाही. गाठीचा तुकडा चाचणीला अपुरा पडला, तर रक्तातल्या डीएनएवरही चाचणी होते; तिथे बदल दिसला नाही, तर मात्र शक्य तेव्हा पुन्हा तुकडा घ्यावा.

म्हणून विनंती अशी, की पसरलेल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या प्रत्येक रुग्णाची ही जनुकीय चाचणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचाच भाग मानावी, जिल्हा रुग्णालयांतून ब्लॉक प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय करावी आणि अहवालाला मुदत घालून द्यावी. औषध हाताशी असताना केवळ चाचणीअभावी रुग्ण त्याला मुकू नये, ही जबाबदारी शासनाची आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक नागरिक