वजनकाटा जे सांगत नाही



वजन घटविणाऱ्या नव्या इंजेक्शनांची चर्चा आता घराघरांत पोहोचली आहे. ‘आईचे गुडघे दुखतात, वजनही वाढले आहे; तिला हे औषध चालेल का?’ असा प्रश्न मुले आणि सुना डॉक्टरांना विचारतात. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी, औषध बाजारात येण्याच्या कितीतरी आधी, चाचणीचा आराखडा ठरतो तेव्हाच ठरते. चाचणीत कोणाला घ्यायचे, किती काळ निरीक्षण करायचे आणि काय मोजायचे, हे निर्णय तेव्हा होतात.

सेमाग्लुटाइडचे उदाहरण पाहा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेप-१’ चाचणीत १,९६१ प्रौढ होते. त्यांचे सरासरी वय ४६ वर्षे होते आणि मधुमेहींना तीत प्रवेश नव्हता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. एका गटाला औषध मिळाले, दुसऱ्याला तसेच दिसणारे, पण औषध नसलेले इंजेक्शन. आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही होता. ६८ आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, दुसऱ्याचे २.४ टक्क्यांनी. मधुमेहींसाठी ‘स्टेप-२’ ही स्वतंत्र चाचणी झाली. तीत तीच मात्रा तितकाच काळ देऊनही घट ९.६ टक्के भरली. माणसे बदलली, तसे उत्तरही बदलले.

काय मोजायचे, हा प्रश्न ज्येष्ठांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. ‘स्टेप-१’मधील १४० जणांच्या शरीराची घडण क्ष-किरण तंत्राने तपासली, तेव्हा घटलेल्या वजनातील सुमारे ४० टक्के भाग चरबीव्यतिरिक्त ऊतींचा असल्याचे दिसले. त्यांत स्नायूही येतात. वाढत्या वयात स्नायू मुळातच झिजत असतात. ते आणखी घटले, तर खुर्चीतून उठणे, जिना चढणे अवघड होते आणि पडण्याचा धोका वाढतो. वजनकाट्यावर मात्र ही हानीही यश म्हणूनच दिसते.

निरीक्षण अपुरे राहिले तर काय होते, हे सिबुट्रामाइन या जुन्या गोळीने दाखविले. वजन घटविणारी म्हणून ती अनेक वर्षे विकली जात होती. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या, ५५ वर्षांवरील सुमारे दहा हजार जणांवर मोठी चाचणी झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत १० टक्के आढळल्या. २०१० मध्ये हे औषध अमेरिका व युरोपच्या बाजारांतून गेले. भारतातही २०११ मध्ये त्यावर बंदी आली. याउलट, सेमाग्लुटाइडची हृदयविकार असलेल्या १७,६०४ जणांवर चाचणी झाली, तेव्हा अशा घटना २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. मोठ्या आणि दीर्घ चाचणीविना या दोन औषधांतील भेद कळला नसता.

म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारा: आमच्या वयाची, आमच्यासारखे आजार असलेली माणसे चाचणीत होती का? स्नायू टिकविण्यासाठी प्रथिने किती आणि व्यायाम कोणता? इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा बदलावी लागेल का? औषध थांबविल्यावर वजन पुन्हा वाढले तर पुढे काय? उपचार सुरू झाल्यावर घरच्यांनी वजनाबरोबरच चालण्याचा वेग, जेवणाचे प्रमाण आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का, याचीही नोंद ठेवावी. पुढच्या भेटीत ती वही सोबत न्यावी.